कबुतरवाल्या घरची फुफ्फुसं

आजच्या या हृद्य समारंभाचे अध्यक्ष, वेदशास्त्रसंपन्न यज्ञेश्वरशास्त्री गुरुजी. व्यासपीठावर विराजमान असलेले आपल्या मंडळाचे सन्माननीय पदाधिकारी. जिला निरोप देण्यासाठी आपण सारे जमलो आहोत ती सत्कारमूर्ती, डॉक्टर मैत्रेयी पावगी. पहिल्या रांगेत आत्तापासूनच पदर डोळ्यांना लावून बसलेल्या तिच्या मातोश्री सुमेधाताई. आणि आपल्या काशीतल्या ब्रह्माघाटापासून भोसले घाटापर्यंतच्या यच्चयावत गल्ल्यांमधून, वाटेतल्या सांडांना वळसे घालत इथवर पोहोचलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

हे सगळं मी एका दमात म्हटलं. लक्षात आलं का कुणाच्या? नसेल तर पुन्हा म्हणून दाखवते. नको? गुरुजी मानेनंच नको म्हणताहेत. बरं, राहिलं. पण तीन वर्षांपूर्वी मी इथं उभी राहून नुसतं 'आजच्या या' एवढं म्हणाले असते, आणि पुढचं 'हृद्य समारंभाचे' म्हणायच्या आधी खुर्ची मागितली असती. तेव्हा आज मी जरा वाहवत गेले तर सांभाळून घ्या. आपले निवेदक कुशल यांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि ते समोर घंटी घेऊन बसले आहेत. कुशल, बाळा, ती घंटी खाली ठेव. तुझ्या मुंजीत मंगलाष्टकं मी म्हटली होती. तू भोकाड पसरलं होतंस, तरी मी थांबले नव्हते.

गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या बँकवाल्या आणि रेल्वेवाल्या मंडळींसाठी माझी ओळख सांगते. मी शरदिनी ताटके. दुर्गाघाटावर राहते. मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं. तोंडावर हे मुसकं आहे ते गर्दीत काढायचं नाही अशी सक्त ताकीद आहे, म्हणून आवाज जरा डब्यातून आल्यासारखा येतोय. आज समई विजेची आहे आणि उदबत्ती लावलेली नाही, तीही माझ्याच कृपेनं. ज्यांना कार्यक्रम सुनासुना वाटत असेल त्यांनी राग माझ्यावर काढावा. तर अशी ही मी, आणि माझ्या छातीत दोन्ही बाजूंना दुसऱ्या कुणाची तरी फुफ्फुसं आहेत. हो हो, खरंच. मागच्या रांगेतल्या वहिनी, अशा दचकू नका, बाहेरून काही दिसत नाही!

आता सत्कारमूर्तीविषयी. मैत्रेयी नेमकं काय करते, हे या सभागृहात किती जणांना ठाऊक आहे? सुमेधाताई सगळ्यांना सांगतात, 'आयसीयूत असते.' खरं आहे. पण आयसीयूत खूपजण असतात. माणसाचा मेंदू कायमचा थांबला, डॉक्टरांनी नियमाप्रमाणे पुन्हा पुन्हा तपासून तसं जाहीर केलं, आणि घरच्यांनी काळजावर दगड ठेवून 'अवयव द्या' म्हटलं, की मैत्रेयीचं काम सुरू होतं. गेलेल्या माणसाची फुफ्फुसं दुसऱ्याला लागतील का, ते ती तपासते. मूत्रपिंडांचं त्या मानानं बरं असतं म्हणे. फुफ्फुस म्हणजे महा नाजूक प्रकरण. दान केलेल्यांपैकी बरीचशी वापरलीच जात नाहीत.

का वापरली जात नाहीत? पूर्वी काय व्हायचं, एक एक्स-रे, रक्तातल्या ऑक्सिजनची एक तपासणी आणि घरच्यांना दोनचार प्रश्न. कुठं राहायचा? मणिकर्णिकेच्या शेजारी. अरे बापरे, चितांचा धूर, नको. काम काय करायचा? होमहवन. आणखी धूर, नको. लांबच्या शहरातला डॉक्टर फोनवर एवढं ऐकायचा आणि फोन ठेवून द्यायचा. मला सांगा, रामनगरचं वांगं घेताना तुम्ही काय करता? हातात धरून वजन बघता, दाबून बघता, देठ बघता. का वांगेवाल्याचा पत्ता विचारून तसेच घरी परत येता? मैत्रेयीचं म्हणणं एवढंच होतं की फुफ्फुस नीट बघितल्याशिवाय 'नको' म्हणायचं नाही. एवढ्याशा म्हणण्यासाठी तिनं किती मोठमोठ्या माणसांशी वाकडं घेतलं ते सुमेधाताईंना विचारा. त्यांचं तर जेवण गार व्हायचं आणि हिचं फोनवर भांडण चालू असायचं.

आणि हे तिचं आजचं नाही. ही माझ्या वर्गात होती. गणित सोडवून झालं की ताळा करायची. उत्तर बरोबर आलं तरी करायची. मी म्हणायचे, 'अगं, बरोबर आहे ना, पुढचं घे.' ही म्हणायची, 'बाई, एकदा उलटं करून बघते.' बाकीच्या मुली डबे उघडून बसायच्या आणि ही आपली उलटं करून बघतेय! मला तेव्हा काय ठाऊक, की हिच्या या खोडीवर एक दिवस माझा जीव टांगलेला असणार आहे.

आता माझी कथा. थोडक्यात सांगते. कुशल, हसू नकोस.

मला खोकला लागला. मग दम लागायला लागला. आधी घाटाच्या पायऱ्यांवर, मग घरातल्या जिन्यावर, मग वेणी घालताना. खोकल्याची औषधं झाली, दम्याची झाली, काढे झाले. शेवटी एका अत्यंत विद्वान, अत्यंत आदरणीय व्यक्तीनं माझी पत्रिका बघून सांगितलं, राहूची पीडा आहे, पक्ष्यांना रोज सप्तधान्य घाला. त्या व्यक्तीचं नाव मी घेणार नाही. ती सध्या उपरण्यानं कपाळ पुसते आहे.

आमचे हे, म्हणजे श्री. ढुंढिराज ताटके, आधीपासूनच छतावर मूठभर बाजरी टाकायचे. बनारसच्या निम्म्या छतांवर लोक टाकतात, त्यात नवल नाही. पण आता प्रश्न बायकोच्या दमाचा! मुठीची ओंजळ झाली, ओंजळीचं पातेलं झालं. सबंध ब्रह्माघाटाची कबुतरं आमच्याकडे पंगतीला येऊ लागली. कठड्यावर कबुतरं, झरोक्यात कबुतरं, पंख्याच्या भोकात घरटं. आणि त्यांची ती वाळलेली घाण, ती पिसं, रोज झाडायचं कोणी? मी! पुण्य ह्यांचं, धूळ माझी. जितकं धान्य जास्त, तितका माझा दम जास्त. आणि जितका दम जास्त, तितकं हे धान्य वाढवायचे. गणिताच्या बाईच्या घरात हे गणित कुणाला सुटलं नाही, काय म्हणावं आता!

दिवाळीत मैत्रेयी फराळाचं ताट घेऊन आली. मी जिना चढून वर आले आणि खांबाला धरून उभी राहिले. ही माझ्याकडे बघतच नव्हती, वर झरोक्याकडे बघत होती. म्हणाली, 'बाई, हे कधीपासून?' मी म्हटलं, 'काय?' म्हणाली, 'ही कबुतरं.' मी म्हटलं, 'असतात गं बिचारी.' तिनं ताट तिथंच पायरीवर ठेवलं.

मग तपासण्या झाल्या आणि तिनं आम्हाला समोर बसवून सांगितलं. कबुतरांच्या त्या धुळीनं एखाद्याची फुफ्फुसं चिडतात, सुजतात, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर आकसून घट्ट होतात. सगळ्यांना होत नाही, एखाद्यालाच होतं. मला झालं होतं, आणि बरंच पुढं गेलं होतं. हे शेजारीच बसले होते. धान्याचा डबा मांडीवर होता, कारण पक्ष्यांची वेळ झाली होती. म्हणाले, 'मैत्रेयी, मी हिच्यासाठीच टाकत होतो गं.' आणि डब्यावर डोकं टेकून लहान पोरासारखे रडले. आणि 'असू द्या हो, तुमचा काय दोष' एवढं म्हणण्याइतकाही दम माझ्यात नव्हता. मी आपली त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. फार वाईट दिवस होते ते.

नाही नाही, कुणी डोळे पुसायचे नाहीत. पुढे गंमत आहे.

गंमत अशी की संसार मांडल्यापासून आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडे होतं. ह्यांनी 'हं' म्हणायचं आणि चहा मागायचा, बस्स. आता माझं बोलणंच बंद पडलं! दूधवाल्याशी बोलायचं कोणी, वीजवाल्याशी भांडायचं कोणी, मुलीला फोन करायचा कोणी? ह्यांना बोलावं लागलं. सुरुवातीला दारात उभे राहून नुसतं बघायचे, आणि दूधवाला विचारायचा, 'का भइल बाबूजी?' पण हळूहळू जमलं. आणि एकदा जमल्यावर जे सुटले, ते सुटलेच. आता माझा दम परत आलाय आणि ह्यांचं तोंड काही बंद होत नाही. आमच्या घरात सध्या दोघंही एकदमच बोलतो. शेजारी पाहुण्यासारखे येऊन ऐकत बसतात.

फुफ्फुसं बदलण्याखेरीज इलाज उरला नाही, तेव्हा आम्ही मुलीकडे, स्वरदाकडे हैदराबादला गेलो. तिथल्या एका रुग्णालयात नाव नोंदवलं. आमच्या डॉक्टर होत्या नीरजा, मूळच्या नांदेडकडच्या. नाव नोंदवलं म्हणजे काय, तर फोनची वाट बघायची. फोन आला की उपाशीपोटी धावायचं, कपडे बदलून आडवं व्हायचं. एकदा असा फोन आला. तयार होऊन पडले. डॉक्टर नीरजा आल्या, म्हणाल्या, 'काकू, फुफ्फुसं तपासणीत उतरली नाहीत. घरी जा.' दुसऱ्यांदा आला. पुन्हा तेच. त्या वेळी ह्यांनी शहाण्यासारखी परतीच्या वाटेसाठी केळी आणली होती. मी नवी साडी नेसून गेलेली नवरी, आणि दोनदा मांडवातून परत! तोवर मी घोटभर पाणी पिऊन धापा टाकत होते. स्वरदा स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडायची. तिला वाटायचं, मला ऐकू येत नाही.

तिसरा फोन भर दुपारी आला. मी पुन्हा आडवी. डॉक्टर नीरजा आल्या, पण या वेळी खुर्ची ओढून बसल्या. मला वाटलं, झालं, आता तिसऱ्यांदा केळी.

म्हणाल्या, 'काकू, एक दाता आहे. तरुण मुलगा. अपघातात डोक्याला मार लागला. घरच्यांनी होकार दिलाय. पण एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय मी पुढं जाणार नाही. त्याच्या घरी कबुतरं होती. छतावर खुराडी होती, हा त्यांना उडवायचा.'

मला हसू फुटलं. खरंच फुटलं हो! ज्या पाखरांनी माझी फुफ्फुसं खाल्ली, त्यांच्याच घरची आता मला आहेराला येताहेत! हसले, हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळे पांढरे व्हायची वेळ आली, दोन नर्सेस धावल्या. आणि तेवढ्यात आमचे हे उठून उभे राहिले आणि ओरडले, 'नको!' असा आवाज मी लग्नानंतर ऐकला नव्हता. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. 'नको म्हणजे नको! जे मरण मी तिला माझ्या हातानं चारलं, तेच आता कापून आत घालायचं? दुसरं बघा!'

डॉक्टर नीरजा शांतपणे म्हणाल्या, 'काका, दुसरं कधी येईल मला सांगता येत नाही. थांबायचं तर थांबू. पण काकूंना किती थांबता येईल...' पुढचं आम्हाला कळलं. स्वरदा माझ्या पायापाशी उभी होती, तिनं माझा अंगठा घट्ट धरला.

मग डॉक्टरांनी सगळं उघड करून सांगितलं. बाकी सगळ्या रुग्णालयांनी कबुतरं ऐकूनच नाही म्हटलं होतं. त्यातून पहिल्या तपासणीत ऑक्सिजनही कमी आला होता. पण दाता होता तिथल्या डॉक्टरांनी तेवढ्यावर सोडलं नव्हतं. खूप वेळ उताणं पडून राहिलं की चांगल्या फुफ्फुसाचाही मागचा भाग मिटून जातो, नळ्यांमध्ये कफ साचतो, आणि मग आकडे वाईटच येतात. त्यांनी कफ काढला, यंत्रानं मिटलेला भाग हलक्या हातानं उघडला, अंग कुशीवर वळवलं, काही तास जाऊ दिले आणि पुन्हा रक्त तपासलं. ऑक्सिजन वर आला! मग सीटी स्कॅन केला. आतून पाणी सोडून धुवण काढलं, ते बुरशीसाठी आणि जंतूंसाठी तपासायला दिलं. दोन्ही फुफ्फुसांच्या रक्ताचे नमुने वेगवेगळे घेतले. आणि दुर्बीण आत घालून व्हिडिओ काढला तो इकडे पाठवला, म्हणजे ज्याला घ्यायचं त्यानं आपल्या डोळ्यांनी बघावं.

'बघायचाय?' डॉक्टरांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. आता नियम असा आहे की दाता कोण, कुठला, काही म्हणजे काही सांगत नाहीत, आणि त्या बिचाऱ्यांनी सांगितलंही नाही. फक्त गडबडीत आवाज बंद करायचा राहिला.

काय बघितलं? गुलाबी! स्वच्छ, ओलसर, गुलाबी बोगदा. मागं कुणाचा तरी पुरुषी आवाज, 'मैडम, सब तो मना कर चुके हैं.' आणि त्यावर एका बाईचा आवाज, 'मना उन्होंने काग़ज़ को किया है, फेफड़े को नहीं. चलो, फिर से. ज़रा पीछे लो.' आणि मग त्या दुर्बिणीवरच खेकसल्यासारखं, 'अगं थांब ना, नीट बघू दे!'

अहो, यंत्राला मराठीत दटावणारी डॉक्टर अख्ख्या उत्तर हिंदुस्थानात किती असतील? आणि तो आवाज मी ओळखणार नाही? फळ्याजवळून मी सतरा वेळा 'बस झालं गं' म्हटलं तरी 'बाई, एकदा उलटं करून बघते' म्हणणारा आवाज तो! मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनीही ओळखला होता. माझ्यात एका वाक्याचा दम होता, तो मी नीट जपून वापरला. म्हटलं, 'ताळा केलाय तिनं. घ्या.'

ह्यांनी हात जोडले. कुणाला जोडले, ठाऊक नाही. फोनलाच जोडले बहुतेक. म्हणाले, 'घ्या.'

आणि तासाभरात मी आत!

पुढचं सगळं वर्णन करत नाही, कारण मला ते ठाऊकच नाही, मी झोपले होते. तोंडातली नळी काढली तेव्हा नर्स म्हणाली, 'अम्मा, सांस लो.' मी घेतला. मला वाटलं, आता नेहमीसारखा मध्येच अडेल. अडेचना! आत जातोय, जातोय, जातोय! मी घाबरले. म्हटलं, हा थांबणार कुठं? माझा श्वास संपायला इतका वेळ लागतो हे मी विसरूनच गेले होते. तिसऱ्या दिवशी मी त्या तेलुगू नर्सला मराठीत सबंध पाढे म्हणून दाखवले. पावकी, निमकी, पाऊणकी सुद्धा! ती पळून गेली आणि डॉक्टर नीरजांना घेऊन आली. तिला वाटलं, भ्रम झाला.

परत काशीला आले तेव्हा गल्लीतली पोरं मला चिडवायला लागली, 'आजी, गुटरगूं करून दाखवा.' दाखवलं! दम आहे तर का नाही दाखवणार? आणि गुरुजी घरी आले, लांब बसले, खूप वेळ चुळबुळ केली आणि विचारलं, 'शरदिनी, आता संकल्पात गोत्र कोणतं म्हणायचं? तुझं, की फुफ्फुसं देणाऱ्याचं?' मी म्हटलं, 'गुरुजी, तुम्हीच पत्रिका बघून सांगा.' तेव्हापासून त्यांनी माझी पत्रिका उघडलेली नाही. पण एक सांगायलाच हवं. ज्या माणसानं सप्तधान्य सांगितलं होतं, त्याच माणसानं स्वतः दारोदार फिरून अख्ख्या गल्लीचे दाणे बंद करवले. झरोक्यांना जाळ्या लावून घेतल्या. म्हाताऱ्या बायकांच्या शिव्या खाल्ल्या. गुरुजी, त्यासाठी मी तुम्हाला इथूनच नमस्कार करते. वाकले की टाक्यांचे व्रण अजून ओढतात.

आता मैत्रेयी नागपूरला निघाली आहे. तिथं ती ठिकठिकाणच्या डॉक्टरांना हेच शिकवणार आहे, गेलेल्या माणसाची फुफ्फुसं कशी जपायची, कशी उघडायची, परत परत कशी तपासायची आणि उगीच 'नको' कसं म्हणायचं नाही. सुमेधाताई रडताहेत, आम्हीही कुरकुर करतोय. पण विचार करा, नागपूरकर भोसल्यांनी आपल्याला सबंध घाट बांधून दिला. आपण त्यांना बदल्यात इतक्या वर्षांत काय दिलं? पेढे आणि गंगाजल! आता आपण मैत्रेयी देतोय. फिटंफाट झाली, नागपूरकरांनी आता काही बोलू नये. मैत्रेयी, तिकडे संत्री खा, भांडण मात्र मराठीतच कर, बनारसी हिंदीत भांडलीस तर त्यांना ते कौतुक वाटेल. आणि आईला रोज फोन कर. जेवताना कर, जेवण गार झाल्याशिवाय तिला आता करमणार नाही.

कुशलचा हात घंटीकडे गेलाय. दोनच मिनिटं.

मागच्या वर्षी मैत्रेयीचं एक व्याख्यान होतं, डॉक्टरांसाठी आणि आमच्यासारख्यांसाठी. मी मागं बसले होते. तिनं एक प्रसंग सांगितला. नाव नाही, गाव नाही, काही नाही. म्हणाली, दात्याच्या घरच्यांना आम्ही राहणीविषयी विचारत होतो. मामानं त्या आईला कोपरानं ढोसलं, की कबुतरांचं बोलू नकोस, नाहीतर पोराचं काही घेणार नाहीत. त्या बाईच्या दृष्टीनं काय होतं ते? तिच्या मुलाचं एवढंच तर मागं राहणार होतं! आणि ती म्हणाली, 'काहे छिपाईं? लइका कबूतर पोसत रहल. जेके लागी, ओकर नोकसान न होवे के चाही.' म्हणजे लपवायचं कशाला, ज्याला लागतील त्याचं नुकसान व्हायला नको.

मैत्रेयी म्हणाली, ती बाई बोलली म्हणून आम्हाला कळलं की काय शोधायचं. बुरशीची तपासणी तिच्या सांगण्यामुळे झाली, दुर्बीण पुन्हा पुन्हा आत गेली ती तिच्यामुळे. तपासणीची सुरुवात आमच्या यंत्रानं नाही, तिनं केली.

ती आई माझ्या दात्याचीच का, हे मला ठाऊक नाही. मैत्रेयीला किती वेळा विचारलं. ती चष्मा काढते आणि पुसत बसते. ती बरोबरच करते. मैत्रेयी तर मिर्झापूर, गाझीपूर, कुठं कुठं जायची तपासायला. ती आई तिकडची असेल किंवा इथलीच, पलीकडच्या मोहल्ल्यातली असेल. मला तिचं नाव कधीच कळणार नाही. तरुण मुलाची आई, म्हणजे पन्नाशीची असेल, एवढाच काय तो अंदाज.

तर आता माझं काय झालंय, ते सांगते आणि संपवते. चौखंब्याच्या भाजीबाजारात मी किती भांडकुदळ होते ते तिथल्या कुठल्याही कुंजड्याला विचारा. आता मी भेंडी निवडत असते, आणि कुणी पन्नाशीची बाई माझ्या हाताखालून हात घालून चांगली चांगली भेंडी उचलून घेते. पूर्वी मी तिला सोडली असती का? पण आता मी हात मागं घेते. म्हणते, 'पहले आप ले लीजिए, बहनजी.' रिक्षा आधी तिला देते. देवळाच्या रांगेत पुढं तिला करते. ह्यांना वाटतं, नव्या फुफ्फुसांनी माझा स्वभाव निवळला. छे हो, भांडायला दम आता चिक्कार आहे! पण करू काय? न जाणो, हीच असेल.

मंडळानं मला बोलू दिलं, गुरुजींनी माझी थट्टा सोसली, कुशलनं घंटी वाजवली नाही, आणि तुम्ही सगळे पंख्याखाली घाम पुसत बसून राहिलात, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. मैत्रेयी, तुझे आभार मानायला मला आणखी दोन फुफ्फुसं लागतील, म्हणून ते राहू देते. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, काही उणंदुणं निघालं असेल, तर ते या म्हातारीचं समजून पोटात घाला. आणि आता घरी जाताना गल्लीत कुणी पन्नाशीची बाई समोरून आली, तर अंग चोरून बाजूला व्हा आणि तिला आधी जाऊ द्या. माझ्या वतीनं. नमस्कार.